परिपत्रकं मराठीत मागता, मग टेंडर का नाही?

बेळगावात ‘परिपत्रकं मराठीतून द्या’ ही मागणी इतकी जुनी झालीय की आता तिच्याकडे कुणी मान वर करूनही बघत नाही. महापालिकेच्या सभेत ती होते, कचेरीसमोरच्या मोर्चात होते, सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की पुन्हा होते. मागणी रास्तच आहे. पण तिच्या पोटात काय काय येतं ते बघा: फलक येतात, उतारे येतात, सभेची विषयपत्रिका येते, घरपट्टीची नोटीस येते. ज्या कागदावरून सरकार गल्लीतलं गटार बांधतं, शाळेला बाकं घेतं, दवाखान्याला जनरेटर घेतं, तो टेंडरचा कागद या यादीत मला तरी कधी दिसला नाही. बसवरच्या पाटीनं सीमाभागातल्या मराठी माणसाचं मन दुखावलं असेल. टेंडरमधल्या न वाचलेल्या कलमांनी त्याचे पैसे गेले आहेत.

असं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘टेंडर वाचून काय करणार? सगळं सेटिंग असतंय.’ यात खोटं काही नाही, पण हे उत्तर अर्ध्यावर थांबतं. सेटिंग असतं म्हणजे कुठं असतं? हवेत नसतं. ते पात्रतेच्या अटीत असतं, पाच वर्षांच्या उलाढालीच्या आकड्यात असतं, ‘अशाच प्रकारचं काम’ या शब्दांची व्याख्या कशी केलीय त्यात असतं, दहा छोटी कामं एकत्र बांधून केलेल्या पॅकेजात असतं. सगळं लेखी, सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, सर्वांसमोर. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीसाठी १९९९ चा पारदर्शकता कायदा आहे, सगळे त्याला केटीपीपी म्हणतात. त्याच्या कलम १६ खाली, टेंडर कुणाला द्यायचं याच्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. अपील करणाऱ्याला कोणत्या अटीवर आपण बाद झालो आणि ती अट दुसऱ्याला कशी लावली हे दाखवावं लागतं. ज्यानं अटच वाचली नाही तो काय दाखवणार? तो चहाच्या टपरीवर ‘सेटिंग’ म्हणतो आणि पुढच्या टेंडरचे पैसे भरतो.

पैसे भरतो म्हणजे कुणाकडे भरतो, हेही बघण्यासारखं आहे. खानापूर, निपाणी, बेळगावच्या आसपासचा छोटा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, किंवा पुरवठादार टेंडर स्वतः भरत नाही. तो ‘ऑनलाइन भरून देणाऱ्या’कडे जातो. कागदपत्रांची फाईल त्याच्याकडे, पोर्टलचा पासवर्ड त्याच्याकडे, आणि डिजिटल सहीचा तो पेनड्राइव्हसारखा टोकनही त्याच्याच ड्रॉवरमध्ये, दहा-बारा जणांच्या टोकनांसोबत, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवून. ती सही कायद्यानं हातच्या सहीइतकीच पक्की आहे. कोरा चेक सही करून परक्याकडे ठेवायला आपला माणूस सात वेळा विचार करील, पण टोकन खुशाल सोडून येतो. बहुतेकदा भरून देणारा प्रामाणिकच असतो. मात्र त्याचं काम फाईल अपलोड करणं, अर्थ सांगणं नव्हे. तो तीन गोष्टी सांगतो: कामाची रक्कम किती, ईएमडी म्हणजे बोलीसोबतची अनामत किती, शेवटची तारीख कोणती. बाकीचा दस्तऐवज ‘नेहमीचाच आहे’.

‘नेहमीचाच आहे’ हे मात्र अगदी खरं आहे, आणि माझा सगळा मुद्दा त्या दोन शब्दांवरच उभा आहे.

कर्नाटकात सरकारी बांधकामांसाठी ठरीव नमुने आहेत. केडब्ल्यू-१, केडब्ल्यू-२, केडब्ल्यू-३, केडब्ल्यू-४. कामाची रक्कम वाढते तसा पुढचा नमुना लागतो. रकमांच्या मर्यादा सरकार वेळोवेळी बदलत आलंय. केडब्ल्यू-४ घेतला तर त्याची रचना अशी: आधी निविदा-आमंत्रण, मग टेंडर भरणाऱ्याला सूचना, मग पात्रतेची माहिती, मग टेंडरचा फॉर्म, स्वीकृतिपत्र, काम सुरू करण्याची नोटीस आणि कराराचा फॉर्म. त्यानंतर कराराच्या अटी, त्यामागे ‘काँट्रॅक्ट डेटा’, मग तांत्रिक तपशील, नकाशे, परिमाणपत्रक म्हणजे बीओक्यू (कोणती बाब किती, याची यादी), आणि शेवटी बँक गॅरंटीचे नमुने. यातल्या सूचना आणि कराराच्या अटी रस्त्याला जशा तशाच शाळेच्या खोलीला. बदलतं ते आमंत्रण, काँट्रॅक्ट डेटा, बीओक्यू आणि नकाशे. म्हणजे जाडजूड गठ्ठ्यातला मोठा भाग एकदा वाचला की वाचला. प्रत्येक टेंडरला नव्यानं वाचायचे कागद थोडे, आणि नेमके तेच कुणी उघडत नाही.

त्या काँट्रॅक्ट डेटात काय असतं? मुदत किती, उशिराला रोजचा दंड किती आणि त्याची कमाल मर्यादा किती, काम संपल्यावर दुरुस्तीची जबाबदारी किती महिने, बिलातून किती टक्के अडवून ठेवणार, वाद झाला तर कुणाकडे जायचं. मुदतीपुढे बऱ्याचदा एक छोटासा उल्लेख असतो: पावसाळा धरून, की पावसाळा वगळून. धारवाडच्या पूर्वेला हा उल्लेख वाचला काय, न वाचला काय, फार फरक पडत नसेल. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, त्यावर अख्खं काम उभं राहतं किंवा झोपतं. तिथं जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत डांबर सोडा, खडीचा ट्रकसुद्धा आत जात नाही. मे महिन्यात वर्क ऑर्डर मिळाली, मुदत सहा महिने, पावसाळा धरून. आता यातले कामाचे महिने मोजा. रोजचा दंड मात्र कॅलेंडरवर चालतो, आभाळाकडे बघून चालत नाही.

आता पात्रतेकडे. मोठ्या कामांच्या दस्तऐवजात ‘टेंडर कपॅसिटी’ नावाचं एक सूत्र असतं: ए गुणिले एन गुणिले १.५, वजा बी. ए म्हणजे गेल्या पाच वर्षांत कुठल्याही एका वर्षात केलेल्या कामाची सर्वांत मोठी रक्कम, आजच्या भावात आणून. एन म्हणजे या नव्या कामाची मुदत, वर्षांत. बी म्हणजे त्या मुदतीत तुमच्या हातात आधीच असलेल्या कामांची शिल्लक रक्कम. हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे छोटे घेऊ. समजा, एकानं सर्वांत चांगल्या वर्षी ४० लाखांची कामं केली. नवं काम २५ लाखांचं, मुदत सहा महिने, म्हणजे एन ०.५. चाळीस गुणिले अर्धा, वीस. वीसचे दीडपट तीस. हातात दुसऱ्या गावच्या अंगणवाडीचं १२ लाखांचं काम शिल्लक आहे. तीसातून बारा गेले, राहिले १८. काम २५ लाखांचं. हा माणूस बाद. पाच लाखांवरून सुरुवात करून चाळीस लाखांपर्यंत पोचलेला माणूस पंचवीस लाखांच्या कामाला बाद का झाला, हे त्याला कुणी सांगत नाही. पोर्टलवर एक ओळ येते, तांत्रिक बोलीत अपात्र. तो समजतो, आडनाव बघून काढलं. कधी तसंही होत असेल, नाकारत नाही. पण इथं आडनावाचा संबंध नव्हता, आणि हे गणित शाळेतल्या पोरालाही घालता येईल असं आहे. आधी घातलं असतं तर टोकनवाल्याचे पैसे वाचले असते, ईएमडीची रक्कम अडकली नसती, आणि भागीदारी करून किंवा हातातलं काम आधी संपवून काही मार्ग निघाला असता.

दराचंही तसंच. टक्केवारीचं टेंडर असलं की ‘कितीनं बिलो मारलास?’ हाच आमच्याकडचा प्रश्न. सरकारी एसआरपेक्षा, म्हणजे ठरीव दरसूचीपेक्षा, पंधरा टक्के खाली, अठरा टक्के खाली, काही वेळा त्याहून खोल. सगळ्यात खाली गेला तो एल-वन, मग हार-तुरे. दस्तऐवजात मात्र असं लिहिलेलं असतं की दर फारच असमतोल किंवा खाली वाटला तर खातं जादा सुरक्षा ठेव मागू शकतं. हे कलम एल-वन झाल्यावर कळतं. मग नातेवाइकांकडून, पतसंस्थेतून, बायकोचं सोनं गहाण टाकून ती ठेव उभी करायची, कारण मागं फिरलं तर ईएमडी जप्त. नफा आधीच बिलोमध्ये गेलेला असतो. करांचं कलम तसंच दुर्लक्षित. २०२२ च्या १८ जुलैला सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. ज्यांच्या करारात दर करांसहित धरले होते आणि ज्यांच्यात कर वेगळा होता, त्या दोघांची त्या दिवशीची झोप सारखी नव्हती. कोणाच्या करारात काय आहे, हे अनेकांनी त्या दिवसानंतरच उघडून बघितलं.

आणि मग ते दुखणं, ज्याबद्दल बेळगाव जिल्ह्यात आवाज खाली करून बोललं जातं. कागद हातात नसताना केलेलं काम. एप्रिल २०२२ मध्ये या जिल्ह्यातल्या एका कंत्राटदारानं उडुपीत आत्महत्या केली. हिंडलग्यात जत्रेआधी रस्ते-गटारींची कोट्यवधींची कामं केली, बिलं निघाली नाहीत आणि टक्केवारी, म्हणजे लाच, मागितली गेली, असा त्याचा आरोप होता. खात्याचं म्हणणं, वर्क ऑर्डरच दिलेली नव्हती. ज्यांच्यावर आरोप होता त्या मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. नंतर पोलिसांनी पुरावा नसल्याचा अहवाल दिला. आरोपात खरं-खोटं काय, ते मी इथं ठरवू शकत नाही. मला फक्त ‘वर्क ऑर्डर नव्हती’ हे वाक्य उचलायचंय, कारण ते सीमाभागात फार ओळखीचं आहे. साहेब म्हणतात, ‘सुरू करा, कागद मागून येतोय.’ जत्रा तोंडावर असते, मंत्र्यांचा दौरा असतो, गावकऱ्यांची घाई असते, शेजारचा गुत्तेदार टपलेला असतो. माणूस जेसीबी लावतो.

संविधानाचा अनुच्छेद २९९ काय सांगतो? राज्याच्या कार्यकारी अधिकारातला करार राज्यपालांच्या नावानं, लेखी, आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या सहीनं व्हायला हवा. तोंडी हुकमाला करार म्हणून किंमत नाही, हुकूम देणारा कितीही मोठा असो. मग केलेलं काम बुडालंच का? अगदीच तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की फुकट करायचा हेतू नसताना कुणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्या दुसऱ्यानं त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे तत्त्व सरकारलाही लावलं. अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता आणि गोदामं बांधलेला तो ठेकेदार जिंकला. पण तारखा बघा: काम १९४४ चं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल डिसेंबर १९६१ चा. ‘कागद मागून येतोय’वर विश्वास ठेवणाऱ्यानं या सतरा वर्षांकडे एकदा बघावं. शिवाय मुदतीचा कायदा आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर केलेल्या कामाच्या किमतीसाठी दावा काम झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. साहेबांच्या ‘बघू’, ‘पुढच्या अनुदानात घालू’मध्ये तीन वर्षं सहज जातात.

आता कुणी विचारेल, यात मराठीचा काय संबंध? कन्नड गुत्तेदारही हे वाचत नाही. बरोबर. मोठ्या कामांचा दस्तऐवज बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. जाहिरात कन्नडमध्ये, कलमं इंग्रजीत. अथणीच्या कन्नड गुत्तेदाराची आणि नंदगडच्या मराठी गुत्तेदाराची अवस्था इथं फार वेगळी नाही. फरक पुढे पडतो. अथणीवाला कचेरीत जाऊन आपल्या भाषेत खोदून खोदून विचारू शकतो, कन्नड दैनिकातली जाहिरात वाचू शकतो, शुद्धिपत्रकावर त्याची नजर जाते. नंदगडवाला बोलण्यापुरतं कन्नड बोलतो, पण कार्यालयीन कन्नडमधला ‘मळेगालवन्नु होरतुपडिसि’ म्हणजे पावसाळा वगळून, हे त्याला वाचता येईलच असं नाही. तो दोन भाषांमध्ये सापडतो आणि तिसऱ्या माणसाच्या ड्रॉवरवर विसंबतो.

म्हणूनच माझी मागणी ‘टेंडर मराठीत काढा’ अशी मोघम नाही. तशी केली तर ती उद्याच्या उद्या फेटाळली जाईल, आणि फेटाळणाऱ्याकडे कारणंही असतील. मागायचं ते एवढंच: ठरीव नमुन्यांची, म्हणजे केडब्ल्यू मालिका आणि वस्तू-सेवा खरेदीचे नमुने यांची, अधिकृत वाचनप्रत कन्नडमध्ये आणि मराठीत एकदाच तयार करून पोर्टलवर ठेवा. आणि ज्या तालुक्यांत मराठी भाषक मोठ्या संख्येनं आहेत तिथल्या प्रत्येक टेंडरला एक पान जोडा, त्यात काँट्रॅक्ट डेटातल्या दहा-बारा रकान्यांची माहिती कन्नड, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत द्या. नमुना बदलत नाही, त्यामुळे भाषांतराचा खर्च वारंवार नाही. रकाने ठरीव, त्यामुळे त्या एका पानासाठी दरवेळी भाषांतरकार बसवायची गरज नाही; आकडे भरले की झालं.

याला आधार काय? १९५६ साली केंद्रीय गृह मंत्रालयानं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. तेव्हापासून हे तत्त्व मान्य आहे की एखाद्या जिल्ह्यात किंवा तालुक्यासारख्या छोट्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. बेळगाव, खानापूर, निपाणी हा निकष कधीच ओलांडून बसलेत. संविधानाच्या अनुच्छेद ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत, आणि त्यांचं विभागीय कार्यालय कितीतरी वर्षं आपल्या बेळगावातच होतं. परिपत्रकांची मागणी याच पायावर उभी आहे. टेंडरची सूचना ही सरकारी सूचनाच आहे. ती या तत्त्वाबाहेर ठेवायचं कारण मला दिसत नाही.

कन्नड संघटना म्हणतील, १९६३ च्या राजभाषा कायद्यानं कारभाराची भाषा कन्नड ठरवलीय, २०२२ च्या कन्नड भाषा सर्वांगीण विकास कायद्यानं ती आणखी पक्की केलीय, मग हे लाड कशाला? माझं उत्तर असं की या मागणीचा पहिला लाभार्थी कन्नड गुत्तेदारच आहे. इंग्रजीत अडकलेला दस्तऐवज कन्नडमध्ये आणा, ही मागणी कन्नड संघटनांनी आमच्याआधी करायला हवी होती. त्यांनी केली तर आम्ही सही करू. मराठी प्रत तिच्या शेजारी ठेवली म्हणून कन्नडचं काही जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो वकील मंडळींकडून येतो. दोन भाषांत करार असला की दोन अर्थ निघतात, वाद वाढतात. खरं आहे. म्हणून तर ‘वाचनप्रत’ म्हणायचं. करार एकाच भाषेत राहील, अर्थाचा वाद आला तर तीच प्रत धरली जाईल, हे वाचनप्रतीच्या पहिल्याच पानावर छापा. मराठी प्रत न्यायालयात दाखवायला नकोय, टेंडर भरायच्या आदल्या रात्री वाचायला हवीय.

सीमेपलीकडे बोट दाखवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. महाराष्ट्रात चंदगडला काम घेतलं तर सार्वजनिक बांधकाम खात्याचे नमुने वेगळे: बी-१ म्हणजे टक्केवारीचं, बी-२ म्हणजे बाबवार दराचं, सी म्हणजे एकरकमी. पोर्टल वेगळं, एसआर वेगळा. आमच्याकडचे काही जण दोन्हीकडे कामं घेतात आणि इकडचं कलम तिकडं आहे असं गृहीत धरून फसतात. पण तिकडच्या मोठ्या कामांच्या अटीही मराठीत असतात असा समज असेल तर तो काढून टाका. तिथंही कराराच्या अटींचं बाड बऱ्याचदा इंग्रजीच. मराठी राज्यात मराठी गुत्तेदाराला मराठी कलम मिळत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ कर्नाटकाच्या आकसाचा नाही. सरकार नावाच्या खरेदीदाराला, तो कुठल्याही बाजूचा असो, विक्रेत्यानं कागद समजून घ्यावा असं फारसं वाटत नाही, हा खरा प्रश्न आहे.

तिसरा खरेदीदार केंद्र सरकार. बेळगावात छावणी आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, रेल्वे आहे, बँका आहेत. त्यांच्या वस्तू-सेवांची खरेदी मोठ्या प्रमाणावर २०१६ साली सुरू झालेल्या जेम पोर्टलवरून होते; रेल्वेचं स्वतःचंही टेंडर पोर्टल आहे. उद्यमबाग-मच्छेतल्या फौंड्रीवाल्यांना आणि मशीनशॉपवाल्यांना यातला मोठा भाग जमण्यासारखा आहे, बरेच जण करतातही. इथं एक गोंधळ कायम दिसतो. लघुउद्योगांकडून खरेदी करण्याचं २०१२ चं धोरण केंद्रीय मंत्रालयं आणि केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांना बांधतं: वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा, टेंडर मोफत, ईएमडी माफ. ते जिल्हा पंचायतीला किंवा महापालिकेला आपोआप लागू होत नाही. लघुउद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र जोडलं म्हणून राज्य सरकारच्या टेंडरला ईएमडी न भरता बोली टाकली की ती पहिल्या चाळणीतच जाऊ शकते. शिवाय हे धोरण स्वतः माल बनवणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला ते नाही. माल पुरवल्यावर ४५ दिवसांत पैसे, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, ही लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्यातली तरतूद मात्र खरेदीदार राज्याचा असला तरी लागू होते. ती किती जणांनी वापरली असेल? व्याज मागितलं की पुढची ऑर्डर बंद, ही भीती कायद्यापेक्षा जुनी आहे.

वाचनप्रतीनं सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. केटीपीपीच्या कलम ४(जी) खाली सरकार टेंडरविना थेट काम देऊ शकतं. जिथं टेंडरच नाही तिथं वाचायचं काय? पॅकेज करून छोट्यांना बाहेर ठेवणं हा राजकीय निर्णय असतो, तो भाषांतरानं हलत नाही. राखीव कामांच्या कोट्यावरून सध्या जे राजकारण चाललंय त्यात तर मी इथं शिरतच नाही. टक्केवारीची कीड कुठल्याही भाषेत तीच.

पण जे आपल्या हातात आहे तेही आपण करत नाही, हे बोलल्याशिवाय राहवत नाही. बेळगावात व्यापारी संघटना आहेत, मराठी पतसंस्था आहेत, मराठी दैनिकं आहेत, मराठीत शिकलेले निवृत्त अभियंते गल्लीगल्लीत आहेत. पतसंस्था ईएमडीसाठी आणि बँक गॅरंटीच्या मार्जिनसाठी कर्ज देते, पण कर्जदारानं कुठल्या अटीवर सही केलीय हे विचारत नाही. काम बुडालं की कर्जही बुडतं, तेव्हा मात्र जामीनदाराच्या दारात जाते. कर्जाच्या अर्जाला काँट्रॅक्ट डेटाची प्रत जोडायला लावली तरी निम्म्या लोकांना ते पान पहिल्यांदा उघडावं लागेल. निवृत्त अभियंत्यांनी केडब्ल्यू-४ च्या अटींचं मराठी टिपण करायला सरकारची परवानगी लागत नाही, दस्तऐवज जाहीर आहे. दैनिकांनी आठवड्यातून एकदा पाव पान दिलं तर तालुक्यात निघालेल्या टेंडरांची मुदत, पावसाळ्याची अट, उलाढालीची अट आणि प्री-बिड बैठकीची तारीख छापता येईल. टेंडरवर शंका विचारायची जागा म्हणजे ती प्री-बिड बैठक. तिथं छोटा पुरवठादार फारसा फिरकत नाही, कारण शंका यायला आधी कागद वाचावा लागतो. तिथं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खात्याला सगळ्यांना लेखी द्यावं लागतं, गरज पडली तर अट बदलावी लागते. अट अन्यायाची आहे असं वाटत असेल तर तिथंच बोलायचं. बोली उघडल्यावर केलेल्या तक्रारीला ‘तुम्ही अटी मान्य करूनच भाग घेतला होता’ हे उत्तर तयार असतं.

येत्या अधिवेशनाच्या वेळी मागण्यांचं निवेदन निघेलच. फलक, परिपत्रकं, उतारे यांच्या खाली आणखी एक क्रमांक घाला: सरकारी खरेदीच्या ठरीव नमुन्यांची मराठी वाचनप्रत, आणि खानापूर, बेळगाव, निपाणी तालुक्यांतल्या प्रत्येक टेंडरला एक पानाचा तिन्ही भाषांतला गोषवारा. निवेदनाची एक प्रत खरेदी पोर्टल चालवणाऱ्या खात्याला आणि एक भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवा. आणि त्याच दिवशी एक प्रत बेळगावच्या कन्नड गुत्तेदारांच्या संघटनेला द्या, त्यांची सही घ्यायला.